सिनेमात बाबांचा फोटो

वाईट सिनेमे मी पुष्कळ पाहिले आहेत. आमच्या बाबांची मुलगी म्हटल्यावर ते चुकणारच नव्हतं. पण पाहून आल्यावर घरी जाऊन अंगावर पाणी घ्यावंसं वाटलं असा सिनेमा एकच. तो खुनाच्या तपासाचा होता, त्यात मोठा नामवंत हिरो होता, आणि त्याचा काही भाग आमच्या घरात काढलेला होता. एखाद्या घराच्या वाट्याला एवढी घाण एकदम यावी, याचा राग मला अजून येतो.

बाबा सिनेमावेडे. आमचं गाव दिग्रसच्या जवळचं, आणि दिग्रसच्या टॉकीजमध्ये नवा सिनेमा लागला की बाबा पहिल्या दुपारी तिथे. कापूस गाडीत भरायचा असो की तुरीला पाणी द्यायचं असो, शुक्रवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून एसटीच्या थांब्यावर उभे. परत आले की वेचणीच्या बायांना बांधावर बसवून सगळी स्टोरी सांगायचे, तीही पिस्तुलाच्या आणि घोड्याच्या आवाजासकट. बाया काम सोडून हसत बसायच्या आणि आई लांबून ओरडायची. ओरडायची, पण मनातून तिला बरं वाटायचं.

कारण ती वर्षं वाईट होती. बोंडं अळीने पोखरलेली, भाव पडलेला, आणि रोजच्या पेपरात कुठल्या ना कुठल्या गावच्या माणसाचा चौकटीतला फोटो. आमच्याच गावात वरच्या आळीला तसे फोटो भिंतीवर गेले होते. आईने फवारणीच्या औषधाचे डबे गोठ्यातून उचलून लोखंडी पेटीत ठेवले आणि पेटीची किल्ली कमरेला खोवली. बाबा तिला चिडवायचे. म्हणायचे, "मी का तसा मानूस दिसतो तुले?" आई मला एकदा चुलीपाशी म्हणाली, "जोवर हा मानूस पिक्चरले जाते ना, तोवर मले घोर नाही. ज्या शुक्रवारी घरी बसन, त्या दिवशी मी भेईन."

त्यामुळे शूटिंगवाले गावात आले तेव्हा सगळ्यात जास्त आनंद बाबांना झाला आणि त्याच्या खालोखाल आईला.

दिवाळी होऊन गेली होती. डोक्यावर उलटी टोपी घातलेला एक असिस्टंट जीप घेऊन गावोगाव हिंडत होता. त्याला कवेलूचं, म्हणजे कौलारू घर हवं होतं. आमचं घर पाहून त्याने हातांची चौकट केली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, एकदम रिअल आहे. आम्ही त्यात राहत होतो, रिअल नसून काय करणार? पण बाबांनी त्या टोपीवाल्याला खाट दिली, चहा दिला, आणि हिरो कोण आहे ते कळल्यावर ते खाटेच्या कडेवर मटकन बसले. तो बाबांचा हिरो होता. कॉलेजच्या दिवसांपासूनचा. त्याच्यासारखा भांग ते अजून पाडत होते, जरी खाली केस विरळ झाले होते.

"इथं येनार? ह्या अंगनात?" बाबा पुन्हा पुन्हा विचारत होते.

"येणार, अंकल. तुमचा पण एक शॉट घेऊ सरांबरोबर."

झालं. बाबांनी ते दिग्रसपासून कळंबपर्यंत ओळखीच्या प्रत्येक माणसाला सांगितलं. मुकुटबनला दिलेल्या आत्याला निरोप धाडला. कापसाच्या जिनिंगमधल्या हमालांना सांगितलं. न्हाव्याला तर दोनदा.

मग आले ते लोक, ट्रकांसकट. आल्या आल्या त्यांनी आमच्या अंगणात थर्माकोलचं तुळशीवृंदावन उभं केलं. आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा घरातले सगळे देव नदीत सोडले होते, आणि हे लोक आमच्या दारात थर्माकोलची तुळस रंगवत बसलेले. भिंतीवरची बुद्धाची तसबीर उतरवून आईच्या हातात दिली आणि तिथे कुठलेसे देव टांगले. आई म्हणाली, "अजी, हे काय करून राह्यले?" बाबा म्हणाले, "सिनेमा हाय वं तो. सिनेमात असतेच." त्या आठवड्यात बाबांना सगळंच चालत होतं.

टोपीवाल्याने घरातल्या कर्त्या माणसाचा एखादा जुना फोटो आहे का विचारलं. भिंतीवर लावायला हवा होता. बाबांनी धावत जाऊन आपला स्टुडिओतला फोटो आणला. तिशीतला, मागे रंगवलेला धबधबा, कोपर टेबलावर, आणि तोच तो भांग. हिरो आपल्या घरात शिरेल तेव्हा भिंतीवर आपण असू, एवढीच त्यांची समजूत. आम्हा सगळ्यांचीच तीच होती.

हिरो अर्धा दिवस आला. गाडीतून उतरला तो थेट दुसऱ्या मोठ्या गाडीत शिरला, आणि त्या गाडीचं एसी मशीन आमच्या बैलांना बुजवत राहिलं. बाहेर आला तेव्हा अंगात चामड्याचं जाकीट. यवतमाळ जिल्ह्यात, दुपारी बारा वाजता, चामड्याचं जाकीट! केस काळेभोर रंगवलेले, आणि मानेवरच्या सुरकुत्या एक बाई ब्रशने बुजवत होती. बाबांना यातलं काही दिसलं नाही. त्यांना त्यांचा हिरो दिसत होता.

बाबांचा शॉट असा होता: हिरो जीपमधून उतरतो, बाबा पाण्याचा गडवा पुढे करतात आणि म्हणतात, "साहेब, पानी घ्या." बस. बाबांनी ते वाक्य चार दिवस घोकलं होतं, गोठ्यात, शेतात, अंघोळीच्या दगडावर. शॉट चांगला झाला. बाबा घाबरले नाहीत. हिरोने गडवा घेतला, ओठाजवळ नेला, "कट" झाल्याबरोबर पाणी मातीत ओतलं, गडवा तिथेच टाकला आणि मागच्या माणसाकडून बाटली घेतली. मी तिथेच उभी होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांनी मात्र खाली पडलेला गडवा उचलून आईला दाखवला. "ह्याले त्याचा हात लागला. हा आता घासू नको."

घरातला शॉट घेताना त्यांनी आम्हाला बाहेर काढलं. आम्ही शेजारच्यांच्या ओसरीवर बसून राहिलो. संध्याकाळी घर परत मिळालं तेव्हा फोटो जागेवर होता, फक्त काच चिकट लागत होती. आईने पदराने पुसली. कशाने चिकट झाली, हा विचार आमच्या मनात आला नाही.

पुढच्या वर्षी सिनेमा दिग्रसला लागला.

बाबांनी गावातल्या निम्म्या लोकांना बरोबर घेतलं. एसटी आमच्याच माणसांनी भरली. आईने लग्नाकार्याचं लुगडं नेसलं. टॉकीजच्या मॅनेजरला बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तो दारात "या, हिरो या," म्हणाला. बाबा लाजले. आपले बाबा लाजतात हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

आणि सिनेमा सुरू झाला.

काय सांगू त्याच्याबद्दल! मुंबईचा मोठा पोलीस अधिकारी खुनांचा तपास करायला कापसाच्या मुलखात येतो. मागे रानभर कापूस फुटलेला आणि पुढे माणसं तिफणीने पेरणी करताहेत, एकाच दृश्यात. वेचणाऱ्या बायका कापूस विळ्याने कापत होत्या. हे पाहून आमच्या रांगेतल्या बाया एवढ्या हसल्या की पुढचे लोक वळून पाहायला लागले. कापसाच्या गंजीत प्रेत सापडतं. हिरो तिथला कापूस हातात घेतो, वास घेतो आणि म्हणतो, "यह कपास इस मिट्टी की नहीं है." वासावरून! आमच्या गावचे व्यापारी कापूस खाली वर करून, सरकी चावून, धागा ओढून शेवटी भाव पाडतात, पण वासावरून माती ओळखणारा तिथे पहिल्यांदाच पाहिला. हिरोईन पत्रकार. ती उंच टाचांच्या सँडलने काळ्या मातीतून पळते, आणि पळता पळता गाणं. गावातली माणसं सगळी हात जोडून "साब, हम गरीब लोग हैं" एवढंच बोलतात. एकाच्याही तोंडी आपली भाषा नाही. खुनी कोण ते आईने मध्यंतराच्या आधी सांगितलं. "तो चष्म्याचा सायब. हिरोचा सायब. तोच हाय." तोच निघाला.

एवढंच असतं तर मी कधीच विसरून गेले असते. रद्दी सिनेमा, पैसे गेले, शिव्या घातल्या, संपलं.

मध्यंतरानंतर पडद्यावर आमचं घर आलं. थर्माकोलची तुळस, कवेलू, दार. सगळ्या टॉकीजने एकदम श्वास घेतला. आमच्या मागून कोणीतरी ओरडलं, "आले, आले!" जीप थांबली, जाकीट उतरलं. मी बाबांकडे पाहत होते. त्यांचे ओठ हलले. "साहेब, पानी..." पण पडद्यावर पाणी द्यायला कोणीच नव्हतं. हिरो सरळ घरात शिरला. कॅमेरा भिंतीवर गेला.

भिंतीवर बाबांचा फोटो. त्याला चंदनाचा हार. काचेवर कपाळाच्या जागी गंधाचा टिळा, खाली पेटलेली उदबत्ती. पांढऱ्या साडीतली एक बाई कोपऱ्यात रडते आहे. हिरो फोटोकडे क्षणभर पाहतो, काळा चष्मा काढतो आणि बरोबरच्या हवालदाराला म्हणतो, "किसान था?" हवालदार मान हलवतो. हिरो म्हणतो, "वही पुरानी कहानी." चष्मा लावतो आणि निघून जातो.

बस, एवढंच. पुढे गाणं होतं.

जिवंत माणसाच्या फोटोला आपल्याकडे गमतीतही कोणी हार घालत नाही. आम्ही शकुन-अपशकुन सोडलेली माणसं, पण तरीही नाही. त्या टोपीवाल्याला एकदा विचारावंसंही वाटलं नाही. कवेलूचं घर, भिंत आणि कापूस करणारा माणूस, एवढं दिसलं की त्यांना फोटो दिसतो आणि फोटो दिसला की हार. जिवंत माणूस समोर पाण्याचा गडवा घेऊन उभा होता, तो त्यांना कापून टाकावासा वाटला. मेलेला तेवढा ठेवला.

आईने बाबांचं मनगट घट्ट धरलं होतं, दवाखान्यात धरतात तसं. उरलेला सिनेमा आम्ही पाहिला की नाही, मला आठवत नाही.

परतीच्या एसटीत लोकांनी बाबांची समजूत काढायचा प्रयत्न केला. कोणी म्हणालं, "फोटो तं चांगला आला जी." कोणी म्हणालं, "एकच सेकंद होता, कोनाच्या ध्यानात येते?" बाबा हसले आणि म्हणाले, "हिरोसंग एका पडद्यावर तं आलो ना!" पण शेजारी मी बसले होते. ते खिडकीकडे तोंड करून तेच पाण्याचं वाक्य पुटपुटत होते.

आणि कोणाच्या ध्यानात येते म्हणता? जिल्हाभर आलं. सिनेमा यवतमाळला चालला, पुसदला चालला, पांढरकवड्याला चालला. त्या वर्षांत हार घातलेल्या शेतकऱ्याचा फोटो पाहिला की माणसं तो खराच धरत. खोटा कायले असेल? पेपरात रोज येत होतेच ना. सिनेमात खरा फोटो लावला असेल, आपला माणूस बिचारा गेला आणि आपल्याला कळलंही नाही, असं समजून लांबच्या ओळखीची माणसं घरी यायला लागली. उन्हातान्हात, डोक्याला पांढरा रुमाल बांधून, चेहरा पाडून. दारात बाबाच उभे दिसले की त्यांची जी गाळण उडायची!

बाबांनी सुरुवातीला त्याचीही मजा केली. "या, या. मयतानं चहा ठेवला हाय," असं म्हणून आत घ्यायचे. एक जुना जिनिंगमधला सोबती बाबांशी पोटभर गप्पा मारून, चहा पिऊन उठला, आणि सवयीने "येतो" न म्हणताच निघून गेला. दु:खाच्या घरातून निघताना "येतो" म्हणत नाहीत ना. बाबा त्याच्या पाठीकडे बराच वेळ पाहत राहिले. तो वळणावर दिसेनासा झाला तरी पाहत होते.

त्यानंतर ते पाहुण्यांशी गंमत करेनासे झाले. टॉकीजला त्याच हिरोचा आणखी एक सिनेमा लागला. शुक्रवार आला. आईने मुद्दाम शर्टाला इस्त्री करून दांडीवर टांगला. बाबा दिवसभर खाटेवर पडून होते. पुढच्या शुक्रवारीही. आई किल्ली कमरेवरून काढून पोलक्यात ठेवायला लागली. दर थोड्या वेळाने छातीशी हात नेऊन ती चाचपून पाहायची. मी त्या सिनेमावाल्यांना, त्या चामड्याच्या जाकिटाला, त्या टोपीला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. आई माझ्यापेक्षा जास्त देत होती. भांडी घासताना, भाकरी थापताना, तिचं तेच चाललेलं. "मढं बसवलं माह्या नवऱ्याचं! सत्यानाश होवो त्याईचा!"

मग एका सकाळी आत्या आली.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, मुकुटबनला दिलेली. तिच्या घरी फोन नव्हता. शेजारणीची सून वणीला सिनेमा पाहून आली होती आणि तिने सांगितलं, तुमच्या भावाच्या फोटोला हार होता. आत्याने पुढचं काही ऐकलं नाही. तीन एसट्या बदलून ती आली आणि गावाच्या थांब्यापासूनच तिचं रडणं सुरू झालं. आम्हाला घरात ऐकू आलं. बायका दारात आल्या. आत्या अंगणात आली, पाहते तर बाबा खाटेवर.

ती थांबली. मग ती पुढे आली आणि तिने बाबांच्या थोबाडीत मारली. चांगली सणसणीत. पन्नाशीच्या माणसाला, सगळ्यांदेखत.

"जिता हाय तं फोटो कायले देल्ला? कायले देल्ला, सांग!"

जमलेल्या बायका हसायला लागल्या. मीही हसले. बाबाही गाल चोळत हसले. आत्या हसली नाही. ती खाली टेकली, पदराने तोंड पुसलं आणि बाबांच्या चेहऱ्याकडे नीट पाहायला लागली. पुष्कळ वेळ. मग बायकांना म्हणाली, "जा व बायांनो, आपापल्या घरी जा." त्या गेल्या. मी ओसरीच्या खांबाशी होते, मला कोणी जा म्हटलं नाही.

आत्या हळू आवाजात म्हणाली, "मले खरं सांग. तुह्या मनात आलतं काय कधी?"

बाबा म्हणाले, "काय, बाई?"

"काय ते तुले माहीत हाय. एसटीत सारा वेळ मी रडून राह्यली होती, पन एकदाही मले वाटलं नाही का हे खोटं असन. काहून नाही वाटलं? सांग मले."

मला वाटलं बाबा आता काहीतरी विनोद करतील. त्यांचा तोच शिरस्ता होता. ते खाटेच्या दोऱ्या बोटाने ओढत राहिले. आई पाण्याचा पेला घेऊन आतून येत होती, ती उंबऱ्यावरच थांबली.

"आलतं," बाबा म्हणाले.

"कवा?"

"मांगच्या दिवाळीत. मनात सारं पक्कं झालतं, बाई. पेटीचं कुलूप तोडाले कितीक वेळ लागते?" त्यांनी खाटेची दोरी सोडून दिली. "त्याच हप्त्यात तो टोपीवाला आला. म्हने, हिरो येनार हाय तुमच्या घरी. तवा मी म्हनलं, एवढं पाहून घेऊ."

आत्याने त्यांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. आई उंबऱ्यावरून हलली नाही. तिच्या हातातला पेला तिरपा झाला होता आणि पाणी तिच्या पायावर सांडत होतं, पण तिने तो सरळ केला नाही.

आत्या त्या दिवशी परत गेली नाही. सगळी वेचणी होईपर्यंत राहिली आणि रोज बाबांबरोबर शेतात गेली. बाबा आता म्हातारे झाले आहेत, घरी आहेत, टीव्हीसमोर बसतात. तो सिनेमा कुठल्या ना कुठल्या चॅनलवर अजून लागतो. माझ्या मते तो तेव्हा जितका भिकार होता तितकाच आजही आहे, आणि तो लागला की माझं तोंड सुटतं. आईने मात्र त्या सकाळनंतर त्याला एकही शिवी दिलेली नाही. मी सुरू झाले की ती माझ्या हातावर हात ठेवते आणि म्हणते, "गप बस वं. त्याले काही बोलू नको."